एकच तबक

१

थप्प. मग थोडा वेळ काहीच नाही. मग पुन्हा थप्प, थप्प.

ओलं, जड कापड दगडावर आपटल्याचा तो आवाज. पिंतिले पावाची गाडी चालवायचा त्या काळात तो रोज सकाळी याश शहरातल्या रंगाऱ्यांच्या गल्लीकडे वळला, की आधी हा आवाज यायचा आणि मग गल्ली दिसायची. उताराची, अरुंद गल्ली. भिंतींआड रंगारी कापड धूत असायचे. त्यांच्याकडे काम मुख्यतः काळ्या रंगाचंच. कुणाच्या घरातलं माणूस गेलं, की त्या घरातल्या बाया हाताला लागतील ते कपडे घेऊन इथं धावायच्या, आणि दुसऱ्या दिवशी तेच कपडे काळे करून न्यायच्या. गटाराचं पाणी बारा महिने शाईसारखं.

त्याच गल्लीत एका रंगाऱ्याच्या माडीवर पिंतिलेचा मुलगा सांदू भाड्याने राहायचा. कारखान्यात लेथवर कामाला होता. पिंतिले त्याच्या खिडकीखाली गाडी थांबवून एक गरम पाव वर फेकायचा. सांदू झेलायचा, आणि आधी चारी बाजूंनी कडक कवच तेवढं कुरतडून खायचा. लहानपणी खायचा तसंच. आतला मऊ भाग कबुतरांना.

देश सोडून जायला तेव्हा परवानगी नव्हती. पोरं लपूनछपून सरहद्दीवरची डॅन्यूब नदी पोहून पलीकडे जायची. काही पोचायची, काहींना गोळ्या लागायच्या, काही पाण्यातच राहायची. एका सप्टेंबरात, तेविसाव्या वर्षी, सांदू गेला. पलीकडून पत्र आलं नाही आणि अलीकडून निरोप आला नाही.

पुढच्या वर्षी सरकारची यंत्रं आली आणि त्यांनी ती गल्ली टोकाच्या छोट्या चर्चसकट पाडली. तिथं दहा-दहा मजल्यांच्या इमारती उभ्या राहिल्या. तेव्हापासून तो आवाज पिंतिलेच्या कानांवर कधी पडला नाही. आठवायला बसला तरी यायचा नाही.

२

वीसेक वर्षांनंतरची गोष्ट. वेन्ला फिनलंडहून आली होती, एका वर्षासाठी, पिंतिलेच्या गावातल्या शाळेत शिकायला. शाळेच्या बाईंनी पिंतिलेच्या बायकोला, साफ्ताला विचारलं, तुमच्याकडे एक खोली रिकामी आहे ना? साफ्ता म्हणाली, रिकामी नाही, माझ्या मुलाची आहे, पण तो येईपर्यंत राहू दे तिला.

सतरा वर्षांची उंच पोर. केस इतके फिके की उन्हात दिसायचेच नाहीत. भाषा भराभर शिकली, पण बाई कोण आणि बाप्या कोण यात तिचा नेहमी घोळ.

"आजी, बस उशिरा आला."

"आली गं, आली. तुमच्याकडे बाया आणि बाप्ये वेगळे असतात, का सगळा एकच घाणा?"

"आमच्या भाषेत सगळे सारखे."

"बरंय बाई. आमच्याकडे सारखे असते तर ह्यांना भांडी घासायला लावली असती."

पिंतिले हसायचा. तो बोलायचा थोडं, तेही सावकाश.

शनिवारी वेन्ला सकाळच्या बसने शहर बघायला जायची. नकाशा घ्यायची नाही. पाय नेतील तिकडे. संध्याकाळी परत आली की स्वयंपाकघरात बसून पिंतिलेला सगळं सांगायची. इकडून गेले, तिथं वळले, तिथं पिवळी भिंत होती. पिंतिले डोळे मिटून ऐकायचा आणि मध्येच म्हणायचा, "म्हणजे तू बाजाराच्या मागून निघालीस." तिला याची फार गंमत वाटायची. त्यालाही वाटायची. पावाच्या गाडीचं काम सुटल्यापासून त्या रस्त्यांवरून त्याला कुणी फिरवलं नव्हतं.

निघताना साफ्ता तिच्या हातात एक मेणबत्ती द्यायची. घरच्या मधाच्या पोळ्यांच्या मेणाची, हाताने वळलेली, काळसर आणि जरा वाकडी.

"कुठल्याही चर्चमध्ये लाव. सांदूच्या नावाने. पण नीट ऐक. वाळूची दोन तबकं असतात. एक जिवंतांचं, एक गेलेल्यांचं. वर पाटी असते. सांदूची जिवंतांत. चुकलीस तर तुला महिनाभर नुसता कोबी खायला घालीन."

हसत सांगायची, पण ती थट्टा नव्हती. जिवंत माणसाची मेणबत्ती गेलेल्यांच्या वाळूत रोवणं म्हणजे त्याच्या आयुष्यावर फुंकर घालणं. गावात एक-दोन बाया सुनेवर राग म्हणून तसं करतात असं लोक बोलायचे, आणि त्यांच्या शेजारी कुणी उभं राहायचं नाही.

इतकी वर्षं साफ्ता दर रविवारी सांदूची मेणबत्ती जिवंतांत लावत आली होती. डोक्याला तिने कधी काळा रुमाल बांधला नाही. फुलाफुलांचा हिरवा. शेजारणी पाठीमागे कुजबुजायच्या. पिंतिलेच्या मनात काय होतं ते त्याने कुणाला सांगितलं नाही. मेणबत्ती हातात घेतली, की दोन तबकांच्या मध्ये त्याचा हात क्षणभर थांबायचा, एवढंच. मग साफ्ता त्याच्याकडे बघायची, आणि हात जिवंतांकडे जायचा.

३

ऑक्टोबर चालू होता. अंगणात आलुबुखारांचा मुरांबा मोठ्या कढईत रटरटत होता आणि साफ्ता त्यावर उभी होती. वेन्ला आली, बूट काढले, पाव तोडला आणि सांगायला बसली.

"आज एक नवी गल्ली सापडली, आजोबा. खाली खाली जाते. भिंतींच्या मागून आवाज येतो. असा."

तिने तळहात टेबलावर आपटला. थप्प. थांबली. मग थप्प, थप्प.

पिंतिलेच्या हातातला पेला टेबलावर नीट टेकला नाही, कलंडला. तो पाणी पुसत बसला. बराच वेळ पुसत बसला.

"कुठं ही?"

"ते उंच इमारती आहेत ना, कचऱ्याचे डबे आहेत, त्यांच्या मधून. गटारात काळं पाणी आहे. मला वाटलं कुणाच्या पेनातून शाई सांडली. इतकी शाई."

"आणि पुढं?"

"छोटं चर्च. मी आजीची मेणबत्ती तिथंच लावली. पण आजीला सांगू नका हं," ती आवाज खाली आणून म्हणाली, "तिथं दोन तबकं नव्हती. एकच होतं. पाटीपण नव्हती. मी खूप शोधलं."

पिंतिले म्हणाला, "बरं."

जेवताना त्याने स्वतःची समजूत घातली. शहरात जुन्या फोटोंचं प्रदर्शन लागलं असेल. एखाद्या म्हाताऱ्याने तिला गोष्ट सांगितली असेल, आणि पोरीने भाषा अर्धवट कळल्याने सांगितलेलं पाहिलेलं म्हणून धरलं असेल. फोटोत गल्ली दिसते, गटार दिसतं, चर्चही दिसतं.

पण फोटोला आवाज नसतो, हे त्याला हात धुताना आठवलं.

४

दोन दिवस गेले. तिसऱ्या दिवशी वेन्ला शाळेतून आल्यावर त्याने विचारलंच. साफ्ता चुलीपाशी मक्याच्या पिठाची मामालिगा घोटत होती, त्यांच्याकडे पाठ करून.

"त्या गल्लीत माणसं होती का गं?"

"होती. हात कोपरापर्यंत काळे. कुणी माझ्याकडे बघितलं नाही. मला वाटलं, इथं पाहुण्यांची सवय असेल."

"बोलली नाहीत?"

"कुणीच नाही. फक्त वरच्या खिडकीत एक मुलगा होता, तो बघत होता. तो पाव खात होता, पण नुसतं बाहेरचं. आतलं खाली टाकत होता. पण खाली कबुतरं नव्हती, तरी टाकत होता."

लाकडी दांड्याचा पातेल्यातला आवाज थांबला.

"मग मी खाली जात होते," वेन्ला म्हणाली. तिचा चेहरा उजळला होता. मोठं काही पाहिलेल्या माणसाचा होतो तसा. "कारण गल्लीच्या शेवटी पाणी आहे, आजोबा. केवढं पाणी. दुसरा काठ दिसतच नाही. मी समुद्राजवळची आहे, पण असं पाणी मी नाही पाहिलं. हलत नव्हतं आणि चकाकत होतं. तुम्ही कधी सांगितलंच नाही की याशला एवढी मोठी नदी आहे."

याशला एक लहानशी नदी आहे, तीही शहराच्या दुसऱ्या अंगाला. पावसाळ्यात गुडघ्याच्या वर जाते तेवढीच.

"मग? गेलीस पाण्यापाशी?"

"नाही. तो मुलगा खाली आला आणि आडवा उभा राहिला. हात असा केला, परत जा म्हणून. बोलला नाही. मला थोडा राग आला. ह्या शनिवारी परत जाणार, आणि तो नसेल तेव्हा पाणी बघणार."

साफ्ताने पाठ न वळवता विचारलं, "काय वय असेल त्याचं?"

"माझ्या मोठ्या भावाएवढा. तेवीस, चोवीस."

साफ्ताने पुन्हा घोटायला सुरुवात केली. त्या दिवशी मामालिगा तळाला लागली. तिच्या हातून ती आजवर कधी लागली नव्हती. करपट वास घरभर झाला.

जेवण झाल्यावर ती म्हणाली, "अहो, शनिवारी तुम्ही जा तिच्याबरोबर. पोर एकटी पाण्याकडे जायला नको."

"जातो."

"आणि बघून या."

५

बस नेहमीसारखी गेली. चालकाने वाटेत टरबुजं घेतली, त्यावरून एका बाईशी भांडण झालं, सगळे हसले. पिंतिलेही हसला. एवढ्या उघड्या दिवशी काही होणं शक्य नाही असं त्याला वाटत होतं. ऊन होतं. खिशात साफ्ताची मेणबत्ती होती, आणि उबेने ती जरा मऊ झाली होती.

इमारती होत्या तिथंच होत्या. करड्या, वाळत घातलेल्या कपड्यांनी भरलेल्या. कचऱ्याचे डबे, मांजर, लोखंडी दांड्यावर टाकलेला गालिचा. एक बाई छडीने तो झोडपत होती. थप्प. थप्प, थप्प.

पिंतिलेला एकदम हायसं वाटलं, आणि त्याच वेळी छातीत काहीतरी खचल्यासारखंही झालं. हाच तो आवाज. गालिचाच तर आहे. पोरीने हाच ऐकला आणि बाकीचं तिच्या डोक्यात तयार झालं.

"झालं तर मग," तो म्हणाला. "चल, तुला गोड काहीतरी घेऊन देतो."

"इकडून आहे, आजोबा," वेन्ला म्हणाली आणि दोन इमारतींच्या मधल्या फटीकडे निघाली.

त्या फटीच्या शेवटी भिंत होती. सिमेंटची, सरळ. पिंतिलेला ती दिसत होती. त्या भिंतीवर कुणीतरी खडूने फुटबॉलचं गोलपोस्ट काढलेलं होतं, तेही दिसत होतं. वेन्ला भिंतीकडे चालत होती, भिंत नसल्यासारखी. इथं काय नाही ते तिला कुणी शिकवलंच नव्हतं.

त्याने तिच्या खांद्यावर हात ठेवला. आपण तिला थांबवतोय, असं त्याला वाटलं. पण हात नुसता तिथं राहिला. मग त्याने डोळे मिटले आणि तिच्यामागे पाऊल टाकलं.

गालिच्याचा आवाज मागे राहिला. आणि तसाच आवाज पुढून आला, ओला.

६

आधी आवाज, मग गल्ली. नेहमीसारखी.

पायाखाली उताराचे दगड होते. त्याच्या पायांना ते ओळखीचे लागले, गुडघे आपोआप जरा वाकले. गटारातून काळं पाणी वाहत होतं. निळं दार. कुंपणावरून बाहेर आलेलं आलुबुखाराचं झाड. सगळं होतं तसं, आणि सगळ्यावर असा उजेड की तो कुठून येतोय ते कळत नव्हतं. सावल्या कशालाच नव्हत्या. त्याने स्वतःच्या पायाशी पाहिलं. त्याचीही नव्हती.

पिंतिलेने टोपी काढली. भीती वाटत होती, पण देवळात वाटावी तशी.

चर्चचं दार उघडं होतं. बाहेरून ते चर्च एखाद्या पडवीएवढं. आत पाऊल ठेवलं आणि तो जागीच उभा राहिला. समोर तबक होतं. एकच. दारापासून सुरू झालेलं, आणि त्याला दुसरी कड नव्हती. सातूचं शेत वाऱ्याविना उभं असावं तशा मेणबत्त्या, जवळच्या हातभर अंतरावर आणि लांबच्या तांबूस धुक्यासारख्या. सगळ्या एकाच उंचीच्या. जळत होत्या, पण झिजत नव्हत्या. इतक्या ज्योती असून कुठं ऊब नव्हती.

पहिल्याच ओळीत एक काळसर, जरा वाकडी मेणबत्ती होती. मागच्या शनिवारची. साफ्ताच्या अंगठ्याचा ठसा तिच्यावर अजून दिसत होता.

त्याने खिशातली काढली आणि त्याच ज्योतीवर पेटवली. पाटी नव्हती. इकडे की तिकडे असं काही नव्हतं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्याचा हात थांबला नाही. त्याने ती वाळूत रोवली आणि नुसतं नाव घेतलं.

बाहेरचा आवाज बंद झाला.

एका भिंतीआडचा थांबावा तसा नाही. सगळ्या भिंतींआडचा, एकदम. साऱ्या गल्लीने हातातलं काम ठेवून कान दिला होता.

तेव्हा त्याच्या ध्यानात आलं, की वेन्ला आत आलीच नव्हती.

तो बाहेर धावला. वेन्ला खूप खाली गेली होती. तिच्या पलीकडे पाणी होतं. पिंतिलेने डॅन्यूब कधी पाहिली नव्हती. एकदा जायचं त्याच्या मनात होतं, पण धीर झाला नाही. आता ती समोर होती, किंवा जे काही होतं ते. रुंद, उजळ, निश्चल, आभाळापर्यंत गेलेलं. बघावं तेवढं कमी. पाय आपण होऊन उताराला लागत होते. इतकं सुंदर काही त्याने आयुष्यात पाहिलं नव्हतं, आणि पोरीला हाक मारायला तोंड उघडेना.

माडीच्या जिन्यावरून कुणीतरी उतरलं. पांढरा सदरा, अंगाला चिकटलेला. मानेवरचे केस ओले, आणि त्यांतून थेंब गळत होते. दगडांवर मात्र थेंब पडल्याची खूण उठत नव्हती. त्याने वेन्लाला गाठलं, कोपराला धरलं आणि अलगद वळवलं. रस्ता चुकलेल्या वासराला वळवतात तसं. तिला गल्लीच्या वरच्या अंगाला लावून दिलं आणि तो तिथंच थांबला, पाण्याकडे तोंड करून.

मग त्याने मान थोडी फिरवली. गाल दिसला, कान दिसला. दाढीसुद्धा नीट न फुटलेला गाल. त्याने हात वर केला, तळहात पिंतिलेकडे.

ते "पुढं येऊ नका" होतं की "ओळखलं" होतं, हे पिंतिलेला आजही सांगता येत नाही.

वेन्ला त्याच्यापर्यंत पोचली आणि तिने त्याचा हात धरला. तिचा हात बर्फासारखा होता. पुढच्या पावलाला कचऱ्याचे डबे होते, मांजर होतं, आणि बाई गालिचा खांद्यावर टाकून घरात निघाली होती.

"काय आजोबा," बाई म्हणाली, "नातीला घेऊन आमच्या भिंतीपाशी काय शोधताय? तिथं सगळे मुतायला येतात."

परतीच्या बसमध्ये वेन्ला त्याच्या खांद्याला टेकून झोपली. उतरताना म्हणाली, "आता मला ते पाणी बघायचं नाही." त्यानंतरच्या शनिवारांना ती नकाशा घेऊन जाऊ लागली.

७

वेन्ला खोलीत गेल्यावर साफ्ताने दार लोटून घेतलं आणि त्याच्यासमोर बसली. हातात फडकं होतं, त्याची ती घडी घालत होती.

"लावलीत?"

"लावली."

"तोच होता?"

"तोच."

घडी पूर्ण झाली. तिने ती उलगडली आणि पुन्हा घालायला घेतली.

"कसा दिसतो?"

पिंतिले वाटेत हाच प्रश्न मनात घोळवत आला होता. बस शेतांमधून चालली होती आणि त्याने उत्तर तयार करून ठेवलं होतं.

"वय झालंय गं त्याचं. कानांवरचे केस पिकलेत. पोटही सुटलंय थोडं."

साफ्ता त्याच्याकडे बघत राहिली. पंचेचाळीस वर्षं ती हा चेहरा बघत आली होती.

"पोट," ती म्हणाली. "म्हणजे खातो नीट."

"खात असणार."

"मग पोरीला नीट दिसलं नसेल. तेवीस-चोवीस म्हणाली."

"लांबून पाहिलं तिनं."

"हो. लांबून."

तिने उठून त्याच्यासमोर बोर्शचं आंबट सूप ठेवलं, वर जास्तीची साय टाकलेलं. तो जेवत असताना ती बाजूला बसून राहिली. एकदा तिने हात लांब करून त्याच्या कोटाच्या बाहीवरून फिरवला, धूळ झटकल्यासारखा. बाहीवर मेणाचा एक थेंब होता. तिने तो नखाने खरवडला नाही.

८

रविवारी चर्चमध्ये गर्दी होती. भजन चालू होतं, पोरं कंटाळली होती, म्हाताऱ्या एकमेकींना सरकून जागा देत होत्या. साफ्ताने हिरवा फुलाफुलांचा रुमाल बांधला होता, नेहमीचाच.

पिंतिलेने दोन मेणबत्त्या घेतल्या आणि एक तिच्या हातात दिली. दोघं जिवंतांच्या तबकापाशी येऊन उभी राहिली. साफ्ताने मेणबत्ती पेटवली. ज्योत स्थिर होईपर्यंत तिने हाताचा आडोसा धरला.

पिंतिले वाट बघत होता. वाळूत तिच्यापुरती जागा मोकळी होती. शेजारणी बघत होत्या. वेन्ला खांबापाशी उभी होती, तीही बघत होती.

साफ्ताने मान वर करून नवऱ्याकडे पाहिलं. बसमध्ये त्याने जे तयार केलं होतं त्यातला शब्द न् शब्द तिने वाचला असावा, आणि तिला राग आलेला नव्हता. तिने मोकळा हात उचलून त्याच्या कोटाची कॉलर सरळ केली.

मग ज्योतीला आडोसा धरून, लोकांमधून वाट काढत ती पलीकडच्या तबकाकडे चालत गेली.